किती गावं उठवायची?

मामांचा प्रश्न इतका साधा होता की मला आधी तो कळलाच नाही.

तर झालं असं. मागे एकदा शनिवारी आत्याकडे गेलो होतो. शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अलीकडे तिचं गाव. मामा म्हणजे आत्याचे मिस्टर, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवून रिटायर झालेले. दुपारचं जेवण झालं होतं, बाहेर एप्रिलचं ऊन नुसतं भाजत होतं, लाईट गेलेली, आणि मी ओटीवर पालथा पडून मोबाईलवर फ्यूजनचा एक व्हिडिओ बघत होतो. हा माझा जुना नाद. आठवडाभर हापिसात दुसऱ्यांचे बग निस्तरायचे आणि विकांताला असल्या गोष्टी वाचायच्या, ज्यांचा आपल्या पगाराशी काडीचा संबंध नाही.

"काय बघतोस एवढं?" मामांनी विचारलं.

झालं! मला निमित्तच हवं होतं. उठून बसलो आणि सुरू झालो. सूर्यात जे चालतं तेच जमिनीवर करायचं. हायड्रोजनची दोन जड भावंडं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, एकमेकांवर आदळवायची, त्यांचा हेलियम होतो आणि ऊर्जा निघते. त्यासाठी १५ कोटी अंश तापमान लागतं. एवढा तापलेला वायू कुठल्याच भांड्यात राहणार नाही, म्हणून चुंबकांच्या जोरावर तो अधांतरी धरून ठेवायचा. इंग्लंडमधल्या जेट नावाच्या यंत्राने २०२३ साली, बंद होण्याच्या थोडं आधी, पाचेक सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा काढून दाखवली. म्हणजे साधारण दीड किलो स्वयंपाकाचा गॅस जाळल्यावर मिळते तेवढी. आणि इंधन किती लागलं? ०.२ मिलिग्रॅम! मामांनी भुवया उंचावल्या. मग मी हुकमाचा एक्का टाकला.

"आणि मामा, हे फुटूच शकत नाही. फुकुशिमासारखं काही होणं शक्य नाही. कारण आत कुठल्याही क्षणी एक ग्रॅमभरसुद्धा इंधन नसतं."

मामा सुपारी कातरत होते. कातरून झाली, तोंडात टाकली, आणि म्हणाले, "बरं. पण बिघडलं, तर किती गावं उठवायची?"

मी हसलो. "मामा, हे धरण नाहीये."

"धरण नाही ते कळलं रे मला. म्हणून तर विचारतोय."

आता, शहापूर-मुरबाडच्या माणसाला हाच प्रश्न पडावा यात नवल काहीच नाही. तानसा धरण १८९२ सालचं. त्यानंतर वैतरणा आली, भातसा आली, तिकडे मुरबाडच्या बाजूला बारवी. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा मिळून साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, आणि त्यातला जवळजवळ निम्मा, ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, एकट्या भातसाचा. (आणि याच तालुक्यात दर उन्हाळ्यात पाण्याचे टँकर फिरतात. हे इतक्या वेळा लिहून झालंय की आता कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण आत्याला वाटतं, कारण हंडा तिच्या डोक्यावर असतो.) तर या भागात कुठलाही मोठा प्रकल्प मोजायचं एकक म्हणजे गाव. किती मेगावॅट, किती टीएमसी, ते नंतर. आधी किती गावं.

आणि 'बिघडलं तर' हेही मामांच्या डोक्यात हवेतून आलेलं नाही. १९८३ साली ते नव्यानेच नोकरीला लागले होते. भातसाच्या जलाशयात पाणी साठायला लागून काही वर्षं झाली होती, आणि त्या वर्षी खर्डीच्या बाजूला जमीन हलायला लागली. एकदा नाही, सारखी. ऑगस्ट-सप्टेंबरात तर रोजचंच झालं. १५ सप्टेंबर १९८३ ला सगळ्यात मोठा धक्का बसला, पाचच्या किंचित खालचा. भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत आता भातसाचं नाव कोयनेच्या बरोबरीने येतं, धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का सहाच्या वर होता, तिथे माणसं गेली. इथे तेवढं झालं नाही. पण मामा सांगत होते, भर पावसात लोक घर सोडून पडवीत, गोठ्यात झोपायचे, आणि प्रत्येकाच्या मनात एकच, की वरचं धरण टिकेल ना? "साहेब लोक येऊन सांगायचे, धरण मजबूत आहे. असेलही. होतंच, बघ, अजून उभं आहे. पण आम्ही विचारत होतो, नसेल तर पाणी कुठपर्यंत येईल? त्याचं उत्तर कुणी देईना. ते फिरून फिरून मजबूतच सांगायचे."

हे ऐकताना मला जरा चपराक बसल्यासारखं झालं. कारण मीही नुकतंच तेच केलं होतं. त्यांनी विचारलं 'बिघडलं तर काय', आणि मी सांगितलं 'बिघडत नाही'.

जाता जाता एक योगायोग. आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, स्थापन झालं १५ नोव्हेंबर १९८३ ला. भातसाच्या त्या धक्क्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी. संबंध काहीही नाही, पण मला असले आकडे दिसले की राहवत नाही. असो.

रात्री लाईट आली, नेट आलं, आणि मी वाचत बसलो. आणि पहिलाच धक्का असा की मामांचा प्रश्न खेडवळ वगैरे नव्हताच. फ्रान्समध्ये काडाराशला इटर नावाचं जे महाकाय फ्यूजन यंत्र बांधताहेत (भारत त्यात भागीदार आहे, त्याचं ३,८५० टनांचं बाहेरचं आवरण, क्रायोस्टॅट, आपल्या एल अँड टीने हजिऱ्याला बनवून पाठवलं), त्याच्या सुरक्षेचं उद्दिष्टच मुळी हे आहे: सगळ्यात वाईट अपघात धरला तरी कुंपणाबाहेरच्या कुणाला घर सोडून जावं लागू नये. म्हणजे मामांच्या भाषेत, शून्य गावं. फ्यूजनची सुरक्षा तपासणारे लोक बसतात तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न असतो, आणि 'फुटत नाही' हे उत्तर ते स्वतःसुद्धा पुरेसं मानत नाहीत.

तर मग ते काय तपासतात?

चांगली बाजू आधी, कारण ती खरोखर चांगली आहे. नेहमीच्या अणुभट्टीत वर्षा-दोन वर्षांचं इंधन एकदम आत भरलेलं असतं आणि साखळी-क्रिया चालू असते, ती सतत आवरावी लागते. फ्यूजनमध्ये उलटं. तिथे क्रिया चालू ठेवणंच कर्मकठीण. तापमान जरा घसरलं, जरा हवा शिरली, चुंबकाचं जरा बिनसलं की खेळ खलास, प्लाझ्मा काही मिलिसेकंदांत विझतो. ओल्या काडेपेटीने चूल पेटवण्यासारखं आहे ते. भडका उडायची भीती नाही, पेटेल की नाही हीच भीती. दुसरं म्हणजे, अणुभट्टी बंद केल्याबरोबर गार होत नाही. आतली किरणोत्सारी राख तापतच राहते, बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या ६-७ टक्के उष्णता चालूच असते. २०११ मध्ये फुकुशिमाला भूकंप झाला तेव्हा भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. नंतर त्सुनामीने पंपांची वीज घालवली आणि या ६-७ टक्क्यांनी घात केला. फ्यूजनमध्येही भिंतींचं पोलाद न्यूट्रॉन खाऊन किरणोत्सारी होतं आणि बंद केल्यावर काही काळ ऊबदार राहतं, पण ती उष्णता कितीतरी कमी आणि भल्यामोठ्या यंत्रात पसरलेली. त्यामुळे भट्टी वितळून खाली जाणं वगैरे प्रकार इथे नाही.

इथवर माझा व्हिडिओ बरोबर होता. पुढचं त्यात नव्हतं.

पुढचं म्हणजे, यंत्रात प्लाझ्माखेरीज इतरही भरपूर ऊर्जा कोंडलेली असते. इटरच्या चुंबकांत मिळून ५१ गिगाज्यूल. घरगुती भरलेले सिलिंडर धरले तर जवळजवळ ऐंशी. चुंबकाची ऊर्जा गपकन बाहेर आली तर काय होतं त्याचा नमुना जगाने बघितलाय: १९ सप्टेंबर २००८, सर्नचं एलएचसी, सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस झालेले. दोन चुंबकांमधला एक विजेचा सांधा नीट जुळलेला नव्हता. तिथे ठिणगी पडून नळीला भोक पडलं, सुमारे ६ टन हेलियम बाहेर आला, काही टनी चुंबक जागचे हलले, आणि यंत्र वर्षाहून जास्त बंद. माणूस कुणी दगावला नाही, कारण बोगद्यात कुणी नव्हतं. एक सांधा!

मग पाणी. भिंती गार ठेवायला पाण्याच्या नळ्या असतात. नळी आत फुटली तर पाण्याची वाफ तापलेल्या भिंतीला आणि धुळीला भेटते. हो, धूळ. प्लाझ्मा भिंती कुरतडतो आणि त्याची बारीक धूळ तळाशी साचत जाते. तापलेल्या धातूच्या धुळीवर वाफ गेली की हायड्रोजन तयार होतो. हायड्रोजन आणि हवा एकत्र आली की पुढचं सांगायला नको, फुकुशिमाची छपरं त्यानेच उडाली. म्हणून धुळीवर मर्यादा, हवा शिरण्यावर पहारा, आणि वाफेचा दाब वाढलाच तर एक पातळ चकती आपोआप फुटून वाफ वेगळ्या बंद टाक्यांत जाण्याची सोय.

आणि हे सगळं शेवटी येऊन थांबतं एका गोष्टीवर. ट्रिटियम. फुटलं, जळलं, गळलं, तर बाहेर येऊन माणसाला बाधेल असं इथे मुख्यतः तेच आहे (आणि किरणोत्सारी धूळ). ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनच. त्याचे किरण कातडीसुद्धा भेदत नाहीत. पण हायड्रोजन असल्यामुळे ते पाणी होतं. आणि पाणी आपण पितो. वायूच्या रूपात असेल तर श्वासातून विशेष अपाय नाही, तेच पाण्याच्या रूपात गेलं तर धोका जवळजवळ १०,००० पट. शरीरातून दहाएक दिवसांत निम्मं निघून जातं, पण निसर्गात निम्मं व्हायला १२.३ वर्षं.

आता तो माझा हुकमाचा एक्का, एक ग्रॅम. तो खोटा नाही, फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. प्लाझ्मात या क्षणी किती आहे? ग्रॅमभर. पण अख्ख्या कारखान्यात किती आहे? एका फेरीत इंधनाचा अगदी थोडाच भाग जळतो. बाकीचं पंपांनी ओढून, शुद्ध करून, साठवून परत सोडायचं. काही भिंतींत मुरतं, काही धुळीत अडकतं, काही तापलेल्या पोलादातून झिरपतं. इटरने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा अशी की पात्रात अडकून राहिलेलं ट्रिटियम १ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. किलो! ग्रॅम नाही. आणि इटर तर प्रयोग आहे. उद्या खरं वीजकेंद्र बांधलं तर १,००० मेगावॅट फ्यूजनच्या उष्णतेमागे वर्षाला ५५ किलोच्या वर ट्रिटियम जळतं. दिवसाला साधारण १५० ग्रॅम. तेवढं रोज तिथेच तयार करायचं, हाताळायचं, फिरवायचं.

मला माझीच एक रात्र आठवली. कुठल्या कंपनीत ते सोडा, पण रात्री दीडला मी एक 'छोटासा' बदल प्रॉडक्शनला टाकला होता. चार ओळींचा. मॅनेजरला सांगितलंही होतं, चारच तर ओळी आहेत. त्या चार ओळींनी काय काय झोपवलं ते सकाळपर्यंत मोजत होतो. आम्ही याला ब्लास्ट रेडियस म्हणतो आणि मीटिंगमध्ये फार ऐटीत म्हणतो. ओळी किती हा प्रश्नच नसतो. त्या कशाकशाला जोडलेल्या आहेत, हा असतो.

म्हटलं, मामांना उत्तर द्यायचं तर त्यांच्याच भाषेत देऊ. वही घेतली आणि हिशोब मांडला. गैरसमज नको, भातसाकाठी कुणी फ्यूजन केंद्र बांधत नाहीये. पण समजा बांधलं, आणि समजा अगदी मूर्खासारखं वाईट घडलं, म्हणजे सगळं ट्रिटियम पाणी झालं, सगळं धरणात गेलं आणि एकसारखं मिसळलं. प्रत्यक्षात तसं होत नाही, बरंचसं हवेत उडून जातं. पण वाईट धरायचं तर पुरतं धरू.

एक ग्रॅम ट्रिटियम म्हणजे सुमारे ३५७ लाख कोटी बेकरेल. (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं.) भातसाचं पाणी सुमारे ७१,७०० कोटी लिटर. भागाकार केला तर लिटरला ५०० बेकरेल. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा १०,००० बेकरेल. म्हणजे ग्रॅमभर ट्रिटियम अख्खं भातसात ओतलं तरी मर्यादेच्या विसाव्या हिश्शाइतकं. व्हिडिओवाला जिंकला. (अमेरिकेची मर्यादा मात्र ७४० आहे, आणि युरोपात १०० च्या वर गेलं की चौकशी सुरू होते. एकच पाणी, एकच ट्रिटियम, आणि मर्यादेत शंभर पट फरक. सुरक्षित हा शब्द कुठल्या देशात उच्चारता त्यावर आहे.)

आता एक किलो. लिटरला ५ लाख. मर्यादेच्या ५० पट. तरी पुढे जाऊ, घाबरून थांबायला नको. ते पाणी कुणी वर्षभर रोज दोन लिटर प्यायलं तर शरीराला साडेसहा मिलिसिव्हर्टच्या आसपास मात्रा बसते. छातीच्या एका सीटी स्कॅनएवढी. जगातला सरासरी माणूस निसर्गातून वर्षाला २.४ घेतोच. म्हणजे कुणी पटापट मरणार नाही, हे चेर्नोबिल नाही, त्याच्या जवळपासही नाही. पण सामान्य लोकांसाठीची कायदेशीर मर्यादा वर्षाला १ आहे, आणि ५० पटीचा आकडा छापून आल्यावर मुंबईने नळ उघडला असता का? तेव्हा 'काहीच होत नाही' हेही खरं नाही.

अमेरिकेच्या नियामकांनी २०२३ साली ठरवलं की फ्यूजनला अणुभट्टीचे नियम लावायचे नाहीत, किरणोत्सारी पदार्थ हाताळणाऱ्या इतर यंत्रांसारखे हलके नियम लावायचे. ब्रिटनचीही दिशा तीच. मला हे साधारण पटतं, भट्टीचे धोके इथे नाहीत तर तिचे नियम कशाला? पण ते पटणं कारखान्यात किती ग्रॅम पडलेत यावर अवलंबून आहे, आणि ते 'किती' कुणीतरी कुंपणाबाहेरच्याने मोजायला हवं. फ्रान्समध्ये त्याचं एक बरं उदाहरण झालं. २०२२ च्या जानेवारीत तिथल्या नियामकाने इटरची जुळणी थांबवली. मुख्य पात्राचे तुकडे जोडायच्या कडा मापात नव्हत्या, किरणांपासूनच्या आडोशाचा हिशोब पुरता नव्हता, आणि वजन वाढलं तर खालचा पाया ते पेलेल का हेही विचारलं. तो पाया म्हणजे रबर-पोलादाच्या ४९३ गाद्यांवर ठेवलेला आहे, भूकंपासाठी. पस्तीस देशांची प्रतिष्ठा, अब्जावधी युरो, आणि एका नियामकाने सांगितलं, थांबा. काम थांबलं. २०२४ साली जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकात खऱ्या इंधनावरचं काम २०३९ वर गेलंय. लोक त्यावर विनोद करतात. मला तर ती सगळ्यात दिलासा देणारी बातमी वाटली.

रविवारी सकाळी मामांच्या बहिणीकडे मुरबाड तालुक्यात जायचं होतं. गाडीत किन्हवलीवरून सरळगावकडे जाताना मी त्यांना सगळा हिशोब ऐकवला. मध्येच ती आपोआप फुटणारी चकती सांगितली. म्हटलं, यात भारी काय तर बटण दाबायला माणूस लागत नाही, वीज लागत नाही. दाब वाढला की ती आपली आपण फुटते.

"बारवीसारखं," मामा म्हणाले.

बारवीचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. धरणाची उंची वाढवली तेव्हा त्याला स्वयंचलित दरवाजे बसवले, पाणी ७२.६० मीटरला पोचलं की ते आपोआप उघडतात. मामांच्या बहिणीचं जुनं घर त्याच वाढीव पाण्यात गेलं, त्यामुळे त्यांना हा आकडा तोंडपाठ आहे.

"दरवाजे आपोआप उघडतात हे धरणासाठी चांगलं," मामा म्हणाले. "धरण वाचतं. पण पाणी जातं कुठे? खाली. खालच्या गावांना आधी सांगावंच लागतं, नदीत उतरू नका. तुझी ती वाफ जाते कुठे?"

"बंद टाक्यांत. बाहेर नाही."

"मग ठीक. मग धरणापेक्षा बरं." आणि थोडं थांबून, "टाक्या भरल्या तर?"

टाक्या किती धरून बांधल्यात, त्या भरल्या तर हवा गाळून, ट्रिटियम वेगळं काढून मगच बाहेर सोडणारी दुसरी यंत्रणा आहे, तिला वीज लागते, त्या विजेला दुसरी वीज आहे, असं सगळं सांगितलं. मामा प्रत्येक पायरीला 'आणि ते बंद पडलं तर' विचारत होते. तीस वर्षं पोरांना गणितं तपासून दिलेला माणूस. आमच्या डिझाईन रिव्ह्यूला असा एक माणूस असता तर माझी ती दीडची रात्र वाचली असती :)

संध्याकाळी परत आलो. निघायच्या आधी चहा झाला. आत्या विहिरीवरून पाणी घेऊन आली. मामांनी माझी वही मागितली, चष्मा लावला, भातसाचा भागाकार पेन्सिलने एकदा स्वतः करून बघितला. बरोबर आला. मग म्हणाले, "तू भातसात का ओतलंस?"

"म्हणजे?"

"भातसा मोठं आहे, म्हणून आकडा लहान आला. भातसाचं पाणी आम्ही पीत नाही. विहिरीत ओत."

गावाची विहीर साधारण सहा मीटर रुंद. एप्रिलमध्ये पाणी असतं तीनेक मीटर. म्हणजे ८५,००० लिटर. मर्यादेला पोचायला किती ट्रिटियम लागेल? मामांनी खोडरबराने आधीचं पुसलं आणि त्याच पानावर केलं. एका ग्रॅमचा सुमारे चार लाखावा भाग. अडीच मायक्रोग्रॅमपेक्षा किंचित कमी. भातसात जो ग्रॅम दिसलाही नाही, तोच चार लाख विहिरींना पुरेल एवढा होता.

मी बराच वेळ ते पान बघत बसलो. अर्थात कारखान्यातून सरळ विहिरीत काही जात नाही, मध्ये भिंती आहेत, हवा आहे, जमीन आहे, अंतर आहे. म्हणूनच खरे मूल्यमापन करणारे धरणात ओतत नाहीत, ते कुंपणाशेजारी राहणारा, तिथलंच पाणी पिणारा, तिथलीच भाजी खाणारा एक माणूस कल्पून त्याची मात्रा काढतात. मी शनिवारी रात्री हे वाचलंही होतं, आणि तरी हिशोबाला सगळ्यात मोठं धरण निवडलं होतं. मुंबईत राहणाऱ्याला पाणी म्हटल्यावर तेच आठवतं.

"ते तारापूरला आहे ना आपल्याकडे," मामा म्हणाले, "तिथे विहिरी तपासतात का?"

"तपासतात. बीएआरसीची प्रयोगशाळा आहे तिथे. पाणी, मासे, भाजी, माती, सगळ्याचे नमुने घेतात. ट्रिटियमसुद्धा मोजतात."

"आकडे कुठे लावतात? ग्रामपंचायतीत?"

"एईआरबीचा वार्षिक अहवाल येतो. नेटवर असतो."

"कुठल्या भाषेत?"

"इंग्रजीत. हिंदीतही."

मामांनी वही मिटून माझ्या हातात दिली. आत्याने डब्यात चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधल्या होत्या, त्या घेतल्या आणि निघालो. आसनगावला सातची लोकल गाठायची होती.